चाळीस वाक्यं

वीसपैकी तीन. बावन्नाव्या वर्षी, सव्वीस वर्षं एकाच काउंटरला उभं राहिल्यावर, मला वीसपैकी तीन मार्क मिळाले आणि धाकट्या मालकांनी ते सकाळी शटर वर गेल्या गेल्या सगळ्यांसमोर वाचून दाखवले. हसलं कोणी नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. सगळ्या पोरी आपापल्या नखांकडे बघत उभ्या राहिल्या आणि मालक वाचत गेले. स्वागत केलं नाही, शून्य. साइज विचारली नाही, शून्य. आणखी काही हवं का विचारलं नाही, शून्य. आवाज ऐकू आला नाही, शून्य. काउंटरची स्वच्छता, तीन. म्हणजे माझ्या फडक्याला तीन मार्क आणि मला काहीच नाहीत. कुठलं गिऱ्हाईक माझ्यावर एवढं रुसलं तेच मला आठवेना. मग मालकांनी नव्याने नेमलेल्या ट्रेनर बाईंनी समजावून सांगितलं की ते गिऱ्हाईक नव्हतंच. कंपन्या अशी माणसं पाठवतात, ती गिऱ्हाईक बनून येतात, बघून जातात आणि घरी बसून फॉर्म भरतात. मागच्या मंगळवारची, निळ्या पर्सवाली. तेव्हा ती मला आठवली आणि डोक्यात अशी तिडीक गेली की बाजूचं कपाट धरावं लागलं. आमचं दुकान बायकांच्या आतल्या कपड्यांचं. ती बाई आली तेव्हा तिच्या डाव्या खांद्यात पट्टा रुतत होता, चालताना ती तो खांदा उचलून धरत होती आणि तिला स्वतःला ते माहीत नव्हतं. मी काही न बोलता रुंद पट्ट्याची ब्रा काढून दिली. आत जाऊन घालून बघितली तिने आणि बाहेर आली ती दोन्ही खांदे खाली सोडून, नुकतं तोंड धुतल्यासारखी. एकाच्या जागी दोन घेऊन गेली. आज, या घटकेला, मी दिलेली ब्रा अंगात घालून ती सुखाने कुठेतरी बसली असेल आणि इथे कागदावर माझ्या नावापुढे शून्य, शून्य, शून्य.

मालक म्हणाले, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. पंधरा दिवस आहेत. पुस्तक पाठ करा, ट्रेनर मॅडम पुन्हा परीक्षा घेतील." आणि परीक्षेत पुन्हा तेच झालं तर, हे मी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं: मग मी वर, गोदामात, पॅकिंगला. पगार तोच. जणू मी पगाराचं विचारत होते. हा मुलगा मी इतका लहान पाहिलाय की रिकामे डबे एकावर एक रचून त्यांच्यामागे लपायचा आणि मी मुद्दाम त्याला शोधत फिरायचे. तो आता मला कुठे उभं करायचं ते ठरवत होता. पुस्तक म्हणजे वीस पानांचं चोपडं, गुळगुळीत कागदाचं, वर टायवाल्या माणसाचं चित्र. आतमध्ये चाळीस वाक्यं, इंग्रजी, आणि खाली आपल्या अक्षरांत उच्चार. मे आय हेल्प यू. व्हॉट साइज आर यू लुकिंग फॉर. वुड यू लाइक टू ट्राय इट ऑन. एनीथिंग एल्स. हॅव अ नाइस डे. मी काही अगदीच अडाणी नाही, दहावीपर्यंत शिकले आहे, त्यातला शब्दन्‌शब्द मला कळत होता. कळत होता म्हणूनच तर अंगाचा तिळपापड झाला. मे आय हेल्प यू म्हणजे मी मदत करू का. अहो, मदत अडलेल्याला करतात. रस्त्यात पडलेल्याला हात देतात. दुकानात पाय ठेवलेल्या बाईला, अजून तिने पर्ससुद्धा खाली ठेवलेली नाही, तोवर तू अडलेली आहेस हे तोंडावर सांगायचं? आणि तेही पोटातून आवाज काढून. ट्रेनर बाईंचा आवाजावर फार कटाक्ष. वयाने माझ्या लेकीएवढ्या, उंच टाचा, सगळ्यांना मॅम. "मॅम, हळू बोललात की कॉन्फिडन्स नाही असं वाटतं. शेवटच्या रॅकपर्यंत आवाज गेला पाहिजे." शेवटच्या रॅकपाशी बायकांचे नवरे उभे असतात, पिशव्या सांभाळत, छताकडे बघत. त्यांच्यापर्यंत काय पोचवायचं, या बाईची छाती किती?

मला ते नवीन नाही, तेच तर दुखतं. मी तेराची होते तेव्हा आई मला पहिल्यांदा घेऊन गेली होती, बाजारातल्या एका लांबट, अंधाऱ्या दुकानात. गल्ल्यावर दुकानदार, माळ्यावर त्याचा माणूस. आई दोन मिनिटं नुसती टॉवेलच बघत होती. मग पुढे वाकून त्याच्याजवळ काहीतरी पुटपुटली. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या तोंडाकडे नाही, आणि मान वर करून ओरडला, "लहान पोरीची, तीस नंबर, टाक खाली." वरून डबा आला तो गल्ल्यावर आपटून उघडाच पडला. दुकानात तेव्हा सहा-सात माणसं होती आणि आमच्या गल्लीतला एक इस्त्रीवाला होता. त्या डब्याचा आवाज, पुठ्ठ्याचा, पोकळ, मला आजही ऐकू येतो. वर्षभर मी त्या इस्त्रीवाल्याच्या दुकानावरून गेले नाही, शाळेला वळसा घालून जायचे. आई घरी येऊन विनाकारण माझ्यावरच डाफरली, नीट उभं राहता येत नाही का म्हणून. तिला तरी काय, कुणावर तरी काढायचं होतं. त्यानंतर बरोबर तेरा वर्षांनी मी इथे नोकरीला लागले तेव्हा थोरल्या बाईंनी, म्हणजे या मालकांच्या आईने, मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. म्हणाल्या, "विचारायचं नाही. बघायचं. बघितलेलं दिसू द्यायचं नाही." मग करून दाखवलं. बाई आली की आपण काहीतरी घडी घालत राहायचं. अंदाजाने तीन डबे काढायचे, एक अंदाजाचा, एक त्याच्या खालचा, एक वरचा, झाकणं बंदच, आणि नंबर तिच्या बाजूला करून तिच्यासमोर ठेवायचे. ती ज्याला बोट लावून जवळ ओढेल तो तिचा. किमतीची चिठ्ठीही तिच्याकडे वळवलेली, तोंडाने उच्चार नाही. टेप गळ्यात अडकवून फिरायचं नाही, खिशात. या सव्वीस वर्षांत मी किती बायकांना किती डबे दिले असतील देव जाणे, पण एकीलाही मोठ्याने आकडा उच्चारावा लागला नाही. थोरल्या बाई गेल्या, पण काउंटर तसाच चालला होता. आणि या कागदावर त्याला म्हणतात, आवाज ऐकू आला नाही.

घरी तर नाटकच सुरू झालं. लेक कॉलेजातून आली की चोपडं घेऊन मला बसवायची आणि गिऱ्हाईक कोण, तर आमचे हे. स्वयंपाकघराचा ओटा म्हणजे काउंटर. हे दारातून आत यायचे, मान तिरकी करून, लेकीची पर्स काखेत. मी म्हणायचे, "मे आय हेल्प यू." हे म्हणायचे, "आय अ‍ॅम जस्ट लुकिंग, थँक यू," आणि डाळीच्या डब्यांवरून नजर फिरवत परत दारापर्यंत जायचे. चोपड्यात मागे गिऱ्हाइकाच्या उत्तरांचं पान होतं, ते यांनी माझ्याआधी पाठ केलं. मी म्हटलं, "अहो, असं करत नाही कोणी." तर म्हणतात, "पुस्तकात आहे ना. मला बघायचंय नुसतं. तुझी काय हरकत?" लेक हसून हसून खाली बसली. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोला. पण एक हात कणकेत, दुसऱ्या हाताने चोपडं उघडं धरलेलं, आणि तोंडाने वुड यू लाइक टू ट्राय इट ऑन म्हणता म्हणता मी चोपडं पालथं टाकलं. यांनी पर्स काखेतून काढून ओट्यावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "अगं, सोड ना. वर बसून पॅकिंग कर. पायाला तरी आराम." तेव्हा मी यांच्यावर जी भडकले ती आजवर भडकले नव्हते. यांना वाटलं मानाचा प्रश्न आहे. मानाचा होताच, नाही कसा. पण मान गेला तर गेला, पोळ्या करता करता गिळला असता. मला वर जायचं नव्हतं ते माझ्या काउंटरच्या खालच्या कप्प्यामुळे, आणि ते मी यांनाही कधी नीट सांगितलं नव्हतं.

त्या कप्प्यात जे आहे ते मी घरी शिवते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक बाई आली होती, चाळिशीची, उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेली. तीन डबे ठेवले, तिने एकालाही हात लावला नाही. नुसती उभी. मग माझ्या लक्षात आलं की तिचा ब्लाउज एका बाजूने सरकतोय आणि ती तो मनगटाने जागेवर ठेवतेय. आत रुमाल कोंबला होता तिने. ऑपरेशनमध्ये एक बाजू काढून टाकली होती. मी तिला दोन दिवसांनी यायला सांगितलं. सुती कापडाची आतून खिसा असलेली एक ब्रा शिवली, खिशात बसेल अशी गादी केली, मऊ, पण हलकी झाली. घालून बघताना ती वर चढत होती. मग गादीत बारीक मोहरी भरून वजन दिलं, तेव्हा कुठे दोन्ही बाजू सारख्या बसल्या. ती बाई आरशासमोर किती वेळ उभी राहिली. बोलली काही नाही. पण तिने कुणाला तरी सांगितलं असणार, कारण पुढच्या महिन्यात दुसरी आली, मग तिसरी. थोरल्या बाईंनी सगळ्यात खालचा कप्पा मला रिकामा करून दिला. त्या बायकांना काही बोलावं लागत नाही. येतात, पर्स काउंटरवर ठेवतात आणि त्या कप्प्याकडे एकदा खाली बघतात. तेवढं पुरतं. मी वर गेले की काउंटरला नवी मुलगी येणार, आणि धाकटे मालक आधीच म्हणाले होते, "त्या कप्प्यातल्या मालाला बारकोड नाही मावशी, सिस्टीममध्ये तो मालच नाही. तो काढून टाकू." मालच नाही. मग एक दिवस त्यातली एखादी येईल, खाली बघेल, आणि नवी मुलगी पोटातून आवाज काढून विचारेल, व्हॉट साइज. म्हणून मी पाठ केली. चाळीसच्या चाळीस वाक्यं. दात-ओठ खात, ओट्याशी, बसमध्ये, न्हाणीघरात. माझ्या त्या कप्प्यासाठी मी त्यांची भाषा, त्यांचा आवाज, सगळं घशाखाली उतरवायला तयार झाले.

परीक्षेच्या दिवशी ट्रेनर बाई माझ्या काउंटरच्या कडेला उभ्या राहिल्या, हातात फॉर्म, वर पेन. म्हणाल्या, "मॅम, आता जे पहिलं गिऱ्हाईक येईल ते तुमचं. रिलॅक्स." धाकटे मालक गल्ल्यावर. शेजारच्या काउंटरला दोन बायका, एकीचा नवरा शेवटच्या रॅकपाशी. मी घडी घालत होते. दार ढकललं गेलं आणि मी बघितलं कोण आलं ते. गणिताच्या बाई. मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या, वर्षातून एकदाच येतात, नेहमी असं सकाळी, गर्दी नसताना. त्या माझ्या खालच्या कप्प्याच्या. चार वर्षं झाली त्यांच्या ऑपरेशनला. त्यांनी पर्स काउंटरवर ठेवली, मान खाली करून कप्प्याकडे एकदा बघितलं आणि वाट पाहत उभ्या राहिल्या. मला फक्त वाकायचं होतं. वाकले असते तर दोन मिनिटांत त्या डबा घेऊन बाहेर पडल्या असत्या, आणि मी सोमवारी वर. माझी पाठ वाकायला निघालीही होती. पण पेन हललं, ते मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, आणि मी ताठ उभी राहून म्हटलं, "गुड मॉर्निंग, मॅम. मे आय हेल्प यू?" बाईंनी वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, चुकून दुसऱ्याच दुकानात आल्यासारख्या. मी थांबले नाही. थांबले असते तर पुढचं विसरले असते. "व्हॉट साइज आर यू लुकिंग फॉर?" आवाज शेवटच्या रॅकपर्यंत गेला. तिथला नवरा छताकडे बघायचं सोडून आमच्याकडे बघायला लागला. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पर्स त्यांनी काउंटरवरून उचलली आणि छातीशी धरली. मग त्यांची नजर बाजूला गेली, फॉर्मवर, पेनवर, ट्रेनर बाईंच्या हातावर. आयुष्यभर पेपर तपासलेली बाई ती. परीक्षा कशी दिसते ते तिला कोणी सांगायला नको होतं. त्या सावकाश म्हणाल्या, "थर्टी-सिक्स, प्लीज." स्वच्छ, शाळेतल्या आवाजात. मला पुढचं वाक्य सुचायला वेळ लागला तर त्या थांबल्या, पोरगी फळ्यासमोर अडकली की थांबतात तशा. मी नेहमीच्या रॅकमधला डबा काढला. साधी, दोन्ही बाजूंची. त्यांच्या काहीही कामाची नाही. "वुड यू लाइक टू ट्राय इट ऑन?" "नो, थँक यू." "एनीथिंग एल्स?" "नो. दॅट विल बी ऑल." प्रत्येक प्रश्नाला पुरं उत्तर, मला अडचण होणार नाही असं. डबा घेतला, गल्ल्यावर गेल्या आणि दार ढकलून बाहेर पडल्या. त्यांच्या पाठीमागे मी हॅव अ नाइस डेसुद्धा म्हटलं. म्हटलं मी ते.

ट्रेनर बाईंनी फॉर्म वळवून दाखवला, वीसपैकी वीस. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मालक गल्ल्यावरून म्हणाले, "बघा मावशी, जमलं की. उगाच घाबरत होता." मी कुणाकडेही न बघता खालचा कप्पा उघडला, त्यांचा डबा काढला, तो मी महिन्यापूर्वीच त्यांच्या मापाने शिवून ठेवला होता, आणि काउंटर तसाच टाकून बाहेर पळाले. बाई कोपऱ्यावरच्या बस स्टॉपवर उभ्या होत्या. मला धाप लागली होती. डबा पुढे करून म्हटलं, "बाई, हा तुमचा. तो मला परत द्या." त्यांनी माझा डबा पर्समध्ये ठेवला. दुसरा दिला नाही. म्हणाल्या, "पास झालात का?" मी मान हलवली. "मग राहू दे तो माझ्याकडे. परत नेलात तर मार्क जातील तुमचे." मालकांचा राग, ट्रेनरचा राग, त्या निळ्या पर्सवालीचा राग, सगळा पंधरा दिवस जपून ठेवलेला, आणि इथे रस्त्यावर कळलं की बाईला भर दुकानात उघडं पाडलं ते यांपैकी कुणी नाही, मी. आणि तिने उलट मलाच सांभाळून घेतलं. "चुकलं माझं, बाई," मी म्हटलं. "मला दुसरं काही करता येईना." त्या रागावल्या नाहीत. नुसत्या विचारात पडल्या, गणित मनात सोडवतात तशा. मग म्हणाल्या, "मला इंग्रजी येतं. आणि चार वर्षं झाली मला, आता एवढं काही वाटत नाही. पण परवा एखादी पहिल्यांदाच येईल. टाके ओले असतील तिचे. तिला तुम्ही हे सगळं विचारणार का?" बस येत होती. मी त्यांच्या हातातून तो साधा डबा काढून घेतला, त्या नको नको म्हणत असताना, जवळजवळ हिसकावूनच.

आत येऊन तो डबा मी गल्ल्यावर मालकांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, "हा परत घ्या आणि बाईंचे पैसे द्या, मी पोचते करीन." मालकांनी मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. "मावशी, आतले कपडे परत घेत नाही आपण. तुम्हालाच ठाऊक." "गिऱ्हाइकाने परत नाही केला," मी म्हटलं. "मी परत आणलाय. मला माहीत असून चुकीचा माल दिला मी तिला. या दुकानात असं कधी झालं नव्हतं, तुमच्या आईच्या वेळीही नाही आणि तुमच्या वेळीही नाही, आजपर्यंत." ट्रेनर बाई मध्ये आल्या, "पण मॅम, तुम्ही तर सगळं परफेक्ट केलंत, वीस मार्क आहेत." मी म्हटलं, "तेही त्याच डब्यात घाला, पोरी. परत घ्या." मालकांचा चेहरा उतरला. वाईट नाही तो मुलगा, पण सगळे बघत होते, आणि सगळे बघत असले की मालकाला मालक व्हावंच लागतं. म्हणाले, "मग सोमवारपासून वर जावं लागेल." मी म्हटलं, "सोमवार कशाला, आत्ताच जाते." खालचा कप्पा मी रुळांवरून अख्खा ओढून बाहेर काढला. जड होता, मोहरीचं वजन सगळं. तुमच्या सिस्टीममध्ये हा मालच नाही, तेव्हा नेते, असं म्हणायचं मनात होतं, पण दम लागला होता आणि कोणी अडवलंही नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरून दुकानाच्या मधून निघाले तेव्हा शेजारच्या काउंटरवरच्या दोन बायकांपैकी एक, जिला मी कधी पाहिलं नव्हतं, नवऱ्याला मागे ठेवून माझ्या वाटेत आली. तिशीचीही नसेल. डाव्या हाताने उजव्या खांद्यावरची ओढणी घट्ट धरलेली. कप्प्यात बघून तिने अगदी ओठांतल्या ओठांत विचारलं, "हे आता कुठे मिळणार?"

"वर," मी म्हटलं, तिच्याच आवाजात. "या माझ्याबरोबर. सावकाश या, जिना अरुंद आहे."